खालचा डावा कोपरा

अण्णा कामावरून आले की माय त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. बाहेर उभं राहून शर्ट झटकायचा, पँटच्या दुमडी उलट्या करायच्या, डोक्यावरून दोनदा पंचा मारायचा, मगच घरात. तरीही भुसा यायचाच. अंथरुणात, पाण्याच्या माठावरच्या ताटलीत, भाकरीच्या टोपल्यात सुद्धा. सागाचा असला तर त्याला जुन्या तेलासारखा कडवट वास असे, पाइनचा असला तर गोडसर. मी लहानपणी डोळे मिटून सांगायची की आज अण्णांनी कुठलं लाकूड तासलं. माझ्या मैत्रिणींच्या वडिलांच्या अंगाला ग्रीसचा नाहीतर कूलंटचा वास यायचा. माझ्या वडिलांच्या अंगाला झाडाचा यायचा, याचा मला तेव्हा मोठा अभिमान होता. पुढे तो कुठे गेला, तेच सांगायला बसले आहे.

अण्णा चिंचवडच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो लाकडी भाग वाळूत दाबतात, अलगद वर काढतात, आणि वाळूत जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. लोखंडाचा भाग गावोगावी जातो, लाकडी भाग काही वर्षं मांडणीवर पडतो आणि मग भंगारात. अण्णांचं सगळं आयुष्य असल्या वस्तू करण्यात गेलं. सातवी शिकलेला हा माणूस साहेबांचं ड्रॉइंग उभं-आडवं धरून पाच मिनिटं बघायचा आणि मग त्याला ती वस्तू आतूनबाहेरून दिसायची. माझ्या चुलतभावाचा मुलगा हल्ली चाकणला हेच काम करतो. तो म्हणतो, आत्या, आता संगणकावर काढायचं आणि मशीन कापतं, हात लावावा लागत नाही. चांगलंच आहे. अण्णांच्या डाव्या हाताचं मधलं बोट पेरापासून नव्हतं.

आमचं घर पिंपळे गुरवच्या बाजूला, पवनेच्या अगदी काठाला होतं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं हातभर अंगण. अण्णा आणि माय बीड जिल्ह्यातून आले तेव्हा मी मायच्या कडेवर होते. वस्तीतली बहुतेक घरं आमच्यासारखी, तिकडच्याच गावांतली, जयभीमवाली. दिवसातून तीनदा कंपन्यांचे भोंगे वाजायचे, आणि घड्याळ नसलेल्या घरांत त्यावरच डाळ शिजायला टाकायची का नाही ते ठरायचं. माय बांधकामावर पाट्या टाकायला जायची. या शहरातल्या किती इमारतींचा मालमसाला तिच्या डोक्यावरून वर गेला, ते तिलाही सांगता येणार नाही. संध्याकाळी येऊन ती स्टोव्ह पेटवायची, आणि येसराच्या आमटीला फोडणी बसली की तो खमंग ठसका सगळ्या आळीत जायचा. गुरुवारी वीजकपातीमुळे कंपन्यांना सुट्टी, म्हणून आमच्याकडे मटण गुरुवारीच. शेजारच्या काकू दत्ताच्या भक्त. त्या दिवशी त्या नाकाला पदर लावून अंगणातून जायच्या आणि शुक्रवारी सकाळी हळूच विचारायच्या, रस्सा उरलाय का गं.

मी पुण्याला कला महाविद्यालयात जायला लागले ही गोष्ट वस्तीला नीट कळलीच नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट करून घेतलं आणि अण्णांना बोलावून सांगितलं, हिला यातच घाला. अण्णांनी एकच विचारलं, यात हातानं काम करतात ना? बाई हो म्हणाल्या. बाकी काही त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. कॉलेजात तिसऱ्या वर्षी मी ठसे काढायच्या विभागात गेले, म्हणजे लाकडावर चित्र कोरायचं, उरलेल्या भागावर शाईचा रोलर फिरवायचा, वर कागद ठेवून घासायचा. जेवढं कोराल तेवढं कागदावर पांढरं, जेवढं ठेवाल तेवढं काळं. हे मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा पहिल्यांदा माझ्या अभ्यासाविषयी बोलले. त्यांनी माझ्या बाजारातून आणलेल्या पटाश्या हातात घेऊन बघितल्या, बाजूला ठेवल्या, आणि महिनाभरात स्वतः सहा पटाश्या करून आणल्या. जुन्या कानशींच्या पोलादाच्या, शिसवीच्या मुठींच्या, माझ्या तळव्याच्या मापाच्या. त्यांतली रुंद, गोल पात्याची एक मला फार आवडायची.

शेवटच्या वर्षी वार्षिक प्रदर्शनासाठी मोठं काम करायचं होतं. त्या बुद्धपौर्णिमेला आम्ही वस्तीतले सगळे घोरावडीच्या लेण्यांवर गेलो होतो. वंदना झाली, डबे सोडले, बायका सावलीला टेकल्या, आणि मी एकटी कडेच्या खडकावर जाऊन बसले. खाली पवनेचं सगळं खोरं पसरलेलं होतं. पश्चिमेला डोंगरांच्या रांगा एकीमागे एक फिकट होत गेलेल्या, त्यांतून नदी कुठून तरी बाहेर यायची, गहुंज्याजवळ अंगठ्यासारखी वळायची, रावेतकडे पुन्हा वळायची, आणि दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरं, बांध, बाभळी. मी इतकी वर्षं ज्या नदीकाठी राहत होते ती मी त्या दिवशी पहिल्यांदा अख्खी पाहिली. अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले. लांब पूर्वेला धुराचा पट्टा होता, तिकडे त्यांनी अर्ध्या बोटाचा हात केला आणि म्हणाले, त्या धुराच्या अलीकडं आपलं घर. मी म्हटलं, इथून काही दिसत नाही. ते म्हणाले, अंदाज सांगायलो. (आता त्या खडकावर बसलं तर रावेतचे टॉवरच आधी दिसतात. त्यांतल्याच एकात, अकराव्या मजल्यावर, मी राहते.)

एवढं मोठं खोरं कोरायचं तर फळी चार फूट लांब हवी होती, आणि तशी एकसंध, वाळलेली फळी विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. अण्णांनी फाउंड्रीतल्या साहेबांकडे अर्ज केला, भंगारात निघालेले सागाचे जुने पॅटर्न गेटपास करून बाहेर काढले आणि त्यांचे तुकडे जोडून फळी केली. सांधा कुठे आहे हे बोटाला कळायचं नाही. तीन गुरुवार त्यांनी नुसता रंधा मारला. फळी घरात आली तेव्हा ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती पलंगावर ठेवली, आणि तीन महिने पलंगावर फळी झोपली आणि खाली आम्ही तिघं.

मी कोरायला बसले की अण्णा दाराशी स्टूल टाकून बशीतून चहा पीत बघायचे. कधी फळीला हात लावला नाही. फक्त विचारायचे. छापल्यावर सगळं उलटं होतं ना? मी म्हणायची, हो, डावं उजवीकडे जातं. हे पांढरं आभाळ का? हो. मग ही रेघ एवढी बारीक कशी ठेवलीस, मोडायची नाही का? एकदा खूप वेळ बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, एवढ्या मोठ्या खोऱ्यात माणूस कसं न्हाई एक बी? मी त्यांना आमच्या सरांचं म्हणणं सांगितलं. सर म्हणायचे, माणसं घातली की नजर माणसांवर जाऊन बसते, खोरं उरत नाही, नदीलाच बोलू दे. अण्णांनी मान डोलावली. बरं, म्हणाले. मला वाटलं विषय संपला.

सरांविषयी दोन शब्द लिहायला हवेत. चांगले शिक्षक होते, आणि मी त्यांना खूप मानायची. पण त्यांच्या प्रत्येक वाक्याला मी जी मान डोलवायची ती नुसती विद्यार्थिनीची नव्हती. वर्गातल्या मुली डेक्कनवरून, कोथरूडवरून यायच्या. त्यांनी कुठे राहतेस विचारलं की मी चिंचवड सांगायची, वस्तीचं नाव कधी घेतलं नाही. कुणाला घरी बोलावलं नाही. डब्यातली तेलचटणी मी आधीच खाऊन टाकायची. माणसांशिवायचं खोरं मला कलेच्या दृष्टीने पटलं होतं हे खरं. आणि त्यात आमची वस्ती दाखवावी लागत नव्हती याने मला हायसं वाटलं होतं, हेही तितकंच खरं.

चित्र जवळजवळ पुरं झालं. डोंगर झाले, आभाळ झालं, नदीची सगळी वळणं झाली. फक्त खालचा एक कोपरा राहिला होता, अलीकडच्या काठाचा, वीतभर रुंद. तिथे काय ठेवावं ते सुचत नव्हतं, म्हणून तो न कोरता सपाट सोडला होता. फळीवर तो उजवीकडे होता, छापल्यावर डावीकडे येणार होता. शुक्रवारी दुपारी कॉलेजातल्या एका मित्राचा टेम्पो फळी न्यायला येणार होता. गुरुवारी मी कागद आणायला पुण्याला गेले आणि संध्याकाळी परत आले.

अण्णा अंगणात बसले होते. अंघोळ केलेली, भांग पाडलेला, सुट्टीच्या दिवशी एरवी घालत नसत तो धुतलेला सदरा घातलेला. माय आत रश्श्यापाशी होती आणि माझ्याकडे बघून उगाच हसली. मी पलंगाकडे गेले. त्या वीतभर कोपऱ्यात अण्णांनी आमची वस्ती कोरली होती. पत्र्याची घरं, पत्र्याच्या पन्हळी केसासारख्या बारीक. एक सायकल. नदीकडे जाणारी पायवाट. आणि माणसं. दोन का तीन. करंगळीच्या नखाएवढी. दिवसभर बसून त्यांनी ते केलं असणार, माझ्याच पटाश्यांनी.

मी किती वेळ बघितलं? आज विचार करते तेव्हा वाटतं, दहा-बारा सेकंद असतील. माझं डोकं तापलं होतं. मला फक्त चुका दिसत होत्या. माणसं घरांच्या मानाने मोठी झाली होती. सायकल तर बैलगाडीएवढी. आमच्या घराचं दारसुद्धा त्यांनी भलत्या बाजूला काढलं होतं. आमचं दार डावीकडे, फळीवर ते उजवीकडे होतं. तीन महिन्यांचं काम, उद्या फळी जायची, आणि यांनी त्यावर मुलांनी पाटीवर काढावं तसं काढून ठेवलं, असं मला वाटलं. त्याच्या खाली आणखी एक होतं जे मी तेव्हा मनाशीही बोलले नाही. प्रदर्शनात ती मुलं-मुली वाकून बघतील, हे काय आहे म्हणून विचारतील, आणि मला सांगावं लागेल.

अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. आत आले नाहीत.

"बघितलंस का?" त्यांनी विचारलं.

"बघितलं," मी म्हणाले.

"जमलंय का?"

"हं."

त्यांनी त्या हुंकाराचा होकार धरला. जेवताना ते कधी नव्हे ते खूप बोलले. पॅटर्नमध्ये एवढं बारीक काम करायला कुणी सांगतच नाही, असं म्हणाले. माझ्या ताटात त्यांनी नळी वाढली.

शुक्रवारी अण्णांची पहिली पाळी. ते सहाला गेले, माय आठला गेली. मी दार लोटून घेतलं आणि तो कोपरा काढून टाकला. रुंद गोल पटाशीने, कडेपासून आत. पंधरा मिनिटंही लागली नसतील. लाकूड चांगलं होतं, पटाशी चांगली होती, दोन्ही त्यांनीच केलेली. पांढरं यायला जेवढं खोल जायला हवं त्याच्या दुप्पट खोल मी गेले. ढलप्या गोळा करून अंघोळीच्या बंबात टाकल्या. पटाशी लावण्याआधी तिथे जरा शाई लावून एक चिठोराभर कागद दाबावा, निदान एक ठसा काढून ठेवावा, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ठसे काढायचंच मी शिकत होते.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा पलंग रिकामा होता. गेली का फळी, म्हणाले, बरं झालं, वेळेत गेली. आणि त्या रात्री आम्ही पुन्हा पलंग वापरायला लागलो.

कॉलेजात फळीवर शाई चढवली, हातकागद पसरला आणि मी घरून आणलेल्या, आमटी वाढायच्या डावाच्या पाठीने तो घासायला लागले. एवढी मोठी फळी यंत्रात बसत नव्हती. कागद उचलला तेव्हा डाव्या कोपऱ्यात पांढरा पट्टा आला होता. पटाशीच्या दोन-चार ओरखड्यांमुळे तो नदीवरून उठणाऱ्या धुक्यासारखा दिसत होता. सर आले, लांब उभे राहिले, मग जवळ आले. म्हणाले, या कोपऱ्याने सगळं चित्र उघडलंय, इथून नजर आत शिरते, हे तुला सुचलं कसं? मी म्हणाले, सुचलं. प्रदर्शनात त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं.

बक्षिसाचं घरी सांगितल्याशिवाय राहवलं नाही, आणि सांगितल्यावर लगेच लक्षात आलं, आता हे बघायला येतील. मी म्हटलं, लांब आहे, बसचा त्रास, गर्दी असते, तुम्ही नाही आलात तरी चालेल. अण्णा म्हणाले, येतो की. मला वाटलं गुरुवारी येतील, गुरुवारी मी काहीतरी करीन, काय ते मलाही ठाऊक नव्हतं. ते बुधवारीच आले. आयुष्यात पहिल्यांदा अर्धा दिवस रजा टाकून. मायने जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसली होती. आणि अण्णांबरोबर त्यांचे पॅटर्नशॉपमधले दोन सोबती होते. गायकवाडकाका, ज्यांच्याबरोबर अण्णांनी एकाच बाकावर वीस वर्षं काम केलं, आणि पॉलिशचं काम करणारे लतीफचाचा. दोघांनी दाढी करून इस्त्रीचे कपडे घातलेले. चौघे दालनाच्या दाराशी चपला काढायला लागले. मी धावत जाऊन सांगितलं, इथे काढायच्या नसतात.

ते चित्रासमोर आले. लतीफचाचांनी हात मागे बांधले. मग गायकवाडकाका हसत म्हणाले, "आरं, दाखीव की. तू कुठं हाईस यात? आठ दिस झालं सांगायलास, आमी समदी हाव चित्रात म्हणून."

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. काचेवर बोट न टेकवता हवेतच त्यांनी नदी धरली, डोंगरापासून, आणि वळणावळणाने खाली येत राहिले. गहुंजे. रावेत. त्यांचं बोट डाव्या कोपऱ्यावर आलं आणि थांबलं. ते जरा वाकले. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मानेच्या घडीत भुसा होता, घाईत धुवायचा राहिलेला.

ते सरळ उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"सकाळची वेळ हाय ही," ते म्हणाले. "धुकं उतरलंय नदीवर. आपुन त्याच्या आत हाव."

गायकवाडकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे. लतीफचाचा हळूच म्हणाले, "हाँ, ठंड में ऐसाच रहता है नदी पे. हाथ को हाथ नहीं दिखता." मग अण्णा त्यांना फळीविषयी सांगायला लागले, कुठल्या पॅटर्नचं लाकूड, सांधा कसा धरला, तीन गुरुवार रंधा कसा मारला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. माय त्या पांढऱ्या कोपऱ्यासमोरून हलली नाही.

तेवढ्यात सर आले. मी ओळख करून दिली. सरांनी आदराने अण्णांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या मुलीला काय सोडायचं ते कळतं. हा कोपरा बघा. हे शिकवून येत नाही."

अण्णा म्हणाले, "व्हय साहेब. हुशार हाय ती."

परतीच्या बसमध्ये अण्णांनी मला खिडकीची जागा दिली. मी कधीही तोंड उघडू शकले असते. शिवाजीनगरला, खडकीला, दापोडीच्या पुलावर. प्रत्येक थांब्याला मी ठरवायची की पुढच्या थांब्याला सांगेन. दापोडीच्या पुलावर तर मी अण्णा म्हणून हाकही मारली. त्यांनी कान पुढे केला. मी म्हटलं, चाचांना घरी सोडायचं का आधी? ते म्हणाले, ते कासारवाडीला उतरून जातील.

ते कधी काही बोलले नाहीत. राग नाही, टोमणा नाही. माझ्या पटाश्यांना दर महिन्याला धार लावून द्यायचे ते देत राहिले. फक्त मी कोरायला बसले की दाराशी स्टूल टाकणं बंद झालं. त्या वेळी त्यांना बाहेर काहीतरी काम निघायचं.

पुढे मी एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि तिथेच निवृत्त झाले. एकदा पाचवीच्या मुलांकडून बटाट्याचे ठसे काढून घेत होते. एका मुलीने आपल्या नावाचं अक्षर कोरलं, ते कागदावर उलटं आलं, ती रडकुंडीला आली. मी तिला समजावत होते, अगं, छापताना उलटं होतं ना, म्हणून आधीच उलटं कोरायचं, उजवं ते डावीकडे. आणि बोलता बोलता माझा हात थांबला. आमचं दार. अण्णांनी दार चुकीच्या बाजूला काढलं नव्हतं. छापल्यावर ते बरोबर डावीकडे यावं म्हणून त्यांनी ते फळीवर उजवीकडे कोरलं होतं. त्यांनी मला विचारून घेतलं होतं. पदविका मिळवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

त्या दिवशी शाळेतून मी थेट घरी गेले. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. माझ्याकडे एक अर्धी झालेली फळी होती, नदीवरच्या पुलाची. ती त्यांच्यापुढे ठेवली, पटाश्या ठेवल्या आणि म्हटलं, अण्णा, पुलावर माणसं हवी आहेत, मला नीट जमत नाहीत, तुम्ही कोरा. मला वाटलं होतं की एवढ्यानेच सगळं सांगून होईल, तोंडाने बोलावं लागणार नाही. ते फळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता नजर न्हाई राहिली, बाळा. आन् तुझं काम हाय ते. दुसऱ्याच्या कामात हात घालू न्हाई माणसानं." चिडून नव्हे, शहाणपणाची गोष्ट सांगावी तसं. मी फळी उचलली. अजूनही मी सांगू शकले असते. त्यानंतर ते नऊ वर्षं होते.

माय आता माझ्याकडेच असते. तिला अकराव्या मजल्यावर करमत नाही, पण गॅलरीत बसून दोन इमारतींच्या मधून दिसणारी तेवढी नदी ती दिवसभर बघते. उन्हाळ्यात नदी जलपर्णीने हिरवीगार झाली की तिला सुरुवातीला ते शेतच वाटायचं. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. तिने एकदम विचारलं, "त्यात मी कशी हुते गं?"

मी विचारलं, कशात. ती म्हणाली, "त्या फळीवर. तुझ्या अण्णानं सांगितलं हुतं मला, तुला काढलीय म्हणून. मी म्हणलं, बघू तरी. तर म्हणले, आता न्हाई, छापून आल्यावर बघ. मग ते छापून आलंच न्हाई. तू एकटीनंच बघितलंस. कशी हुते?"

इतक्या वर्षांत तिने हा विषय पहिल्यांदा काढला होता. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी डोळे मिटून तो कोपरा आठवायचा प्रयत्न केला. पत्र्याच्या पन्हळी आठवल्या, सायकल आठवली, दार तर चांगलंच आठवलं. माणसं आठवेनात. मी ती बघितलीच नव्हती, फक्त मोजली होती, आणि तीही नीट नाही. पण तिला नाही म्हणवेना. लहानपणी तिला बांधकामावर बघितलं होतं, तसंच सांगून टाकलं.

"डोक्यावर पाटी होती," मी म्हणाले. "एक हात पाटीला धरलेला. आणि एक कमरेवर."

मायने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि जरा विचार केला.

"कमरंवर न्हाई ठिवायचे मी हात," ती म्हणाली. "दुसऱ्या हाताला तू असायचीस."